कोकणातील किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य : पार्श्वभूमी

कोकणात मनाच्या आजारांवरील सरकारी उपचारांची सुरुवात मनोरुग्णालयापासून झाली, वस्तीपासून नव्हे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ मध्ये, तर ठाण्याचे १९०१ मध्ये सुरू झाले. त्या काळी लागू असलेल्या १८५८ च्या आणि पुढे आलेल्या १९१२ च्या कायद्याचा भर रुग्णाला बरे करण्यापेक्षा ताब्यात ठेवण्यावर होता. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा अजून ऐकू येतो. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलीला डॉक्टरांकडे नेताना पालक कचरतात, त्यात या टोमण्याचाही वाटा असतो.

१९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याचे ठरवले. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात असे उपचार देऊन पाहिलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे त्यात रायगडचाही समावेश झाला. मात्र तीव्र आजाराच्या प्रौढ रुग्णांना प्राधान्य मिळाले. वर्गात गप्प बसणारा, गुण उत्तम मिळवणारा मुलगा कोणाच्याच नोंदीत आला नाही.

ही उणीव आधी स्वयंसेवी संस्थांनी ओळखली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केली, तर १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ उभी राहिली. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना बरे होण्यास मदत करू शकतात, हे ‘संगाथ’च्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हा परिणाम सरकारी केंद्रांत स्पष्ट होता, खासगी दवाखान्यांत तसा नव्हता. अभ्यास प्रौढांवरचा असला, तरी मनोविकारतज्ज्ञांची वानवा असलेल्या किनारपट्टीसाठी तो आजही सर्वांत उपयोगाचा वाटतो.

१० ते १९ वयोगटासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम आला तो २०१४ मध्ये, आणि मानसिक आरोग्य त्याच्या मुख्य विषयांत होते. त्यानंतरच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के, तर महानगरांत १३.५ टक्के आढळले. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता; तरीही ठाणे-पनवेलच्या झपाट्याने वाढलेल्या वस्त्यांना हा दुसरा आकडा लक्षात घ्यावाच लागेल. कोकण मंडळ दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे अव्वल असते, पण या यशाचे मुलांच्या मनावर येणारे ओझे निकालपत्रात दिसत नाही.

किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री क्लिनिक’ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत चालतात. लहान शहरात तेथील रांगेत शेजारच्या काकू भेटण्याची भीती खरीच असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी दूरध्वनी समुपदेशन सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरूनच बोलता येते, फक्त घरात एकांत हवा.