नेत्री, नेत्या, बाई की ताई?

बातम्यांत हल्ली ‘अमुक पक्षाच्या नेत्या’ सर्रास असतं, पण व्याकरणानं जायचं तर नेताचं स्त्रीलिंग नेत्री. अभिनेत्री आपण रोज बोलतो, त्यातच हा नेत्री बसलाय, तरी तो एकटा असा आपल्याकडे रुजलाच नाही. पुढारीण होता, पण तो मी जास्त करून हिणवतानाच ऐकलाय, ‘मोठी आली पुढारीण’ असा, म्हणून मला तो टोचतो.

मुंबईत लोकांनी बायकांना पुढारी मानलं ते वेगळ्याच शब्दांनी. मृणाल गोरे १९६१ला महापालिकेत निवडून गेल्या, गोरेगावात पाण्यासाठी त्यांनी जो लढा दिला त्यातून त्या झाल्या ‘पाणीवाली बाई’. मग १९७२ पासूनचे महागाईविरोधी लाटणं मोर्चे, त्यात मृणालताई आणि अहिल्याताई रांगणेकर दोघी पुढे, आणि १९७७ला दोघीही मुंबईतून लोकसभेवर गेल्या. तेव्हाची घोषणा जुन्या लोकांना अजून पाठ आहे, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. बघा ना, जिंकलेली पण बाई आणि हरलेल्या इंदिरा गांधी पण बाईच! गोरेगावच्या उड्डाणपुलाला पण नाव मृणालताई गोरे असंच आहे, ताई काढलेलं नाही, आणि हे मला फार आवडतं.

पदांचं वेगळं. सुलोचना मोदी १९५६ला मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, पण महापौर शब्द आहे तसाच राहिला. नगरसेविका मात्र आरक्षणामुळे घरोघरी पोचला, आधी एक तृतीयांश जागा आणि २०११च्या कायद्यानंतर निम्म्या, म्हणजे मुंबईत २२७ पैकी ११४ वॉर्ड बायकांचे, मग शब्द तोंडात बसणारच.

आता नेत्या. हा आदरार्थी बहुवचनातून आलाय, ‘त्या आल्या’ तसं ‘त्या नेत्या’. म्हणून अरेतुरेत तो चालत नाही, ‘ती नेत्या आहे’ कुणी म्हणत नाही, तिथे आपण सरळ ‘ती नेता आहे’ म्हणतो. मला नेत्या मनापासून पटतो, कारण त्यात मान आधीच आहे. अडचण येते ती ‘नेत्यांनी सांगितलं’ इथे, बाई की पुरुष कळतच नाही, मग पेपरवाले मागे महिला लावतात, तिथे ते ठीक आहे, पण नुसतं ‘महिला नेत्या आल्या’ कशाला, आल्या मधूनच कळलं की.