एपीओई-४च्या दोन प्रती : धोका की आजारच?

अल्झायमरच्या जनुकांची वाटणी तीस वर्षं दोन खणांत होती. पहिल्या खणात एपीपी, पीएसईएन-१ आणि पीएसईएन-२. यांतली काही म्युटेशन्स, म्हणजे जनुकातले बदल, अशी, की आईकडून किंवा वडिलांकडून सदोष प्रत एकच आली तरी आजार जवळजवळ ठरलेला, तोही बहुधा पासष्टीच्या आत. बाकीची सगळी जनुकं दुसऱ्या खणात, ‘धोका वाढवणारी’ म्हणून. त्यांत सर्वांत बलवान एपीओईचा ई-४ हा प्रकार. मे २०२४ मध्ये एका शोधनिबंधाने ही वाटणी मोडायला घेतली. ई-४ दोन्ही पालकांकडून आलेल्या माणसाचा अल्झायमर जनुकानेच ठरवलेला आजार मानावा, असा त्याचा प्रस्ताव आहे.

पहिला खण आधी भरला. १९८४ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून अमायलॉइड-बीटा, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन, वेगळं काढलं गेलं. १९८७ मध्ये त्याचं मूळ जनुक, एपीपी, २१व्या गुणसूत्रावर सापडलं. डाऊन सिंड्रोममध्ये हेच गुणसूत्र एक जादा असतं, आणि अशा माणसांच्या मेंदूत चाळिशीतच अमायलॉइड साठलेलं का दिसतं, याचं उत्तर तिथे मिळालं. १९९१ मध्ये एपीपीतलं अल्झायमर घडवणारं पहिलं म्युटेशन हाती आलं, १९९५ मध्ये दोन्ही प्रीसेनिलिन, म्हणजे पीएसईएन-१ आणि पीएसईएन-२. पण अशी घराणी एकूण रुग्णांत एक टक्काही नाहीत.

एपीओईचं नाव पुढे आलं ते १९९३ मध्ये, उतारवयात अल्झायमर होणाऱ्या ४२ घराण्यांच्या अभ्यासातून. ई-४ची एकही प्रत नसणाऱ्यांत आजाराचं प्रमाण २० टक्के, दोन असणाऱ्यांत ९०. सुरुवातीचं सरासरी वय ८४ वरून थेट ६८ वर. आकडे खरे होते, पण ही घराणी निवडलीच होती रुग्ण जास्त म्हणून. २०११ मध्ये व्यापक माहितीवर हिशेब झाला, तेव्हा वयाच्या ८५ पर्यंत दोन प्रतींच्या पुरुषांत अल्झायमरचा धोका ५१ टक्के आणि स्त्रियांत ६० टक्के निघाला. जनुक न पाहता तोच धोका ११ आणि १४ टक्के. म्हणजे वाढ प्रचंड आहे, पण सगळ्यांना आजार होतोच असं नाही.

एपीओईच्या ई-२, ई-३ आणि ई-४ या प्रकारांत फरक केवढा, तर २९९ अमिनो आम्लांच्या प्रथिनात ११२ आणि १५८ या दोन जागांचा. ई-३ मध्ये ११२वर सिस्टीन आणि १५८वर आर्जिनीन. ई-४ मध्ये दोन्हीकडे आर्जिनीन. ई-२ मध्ये दोन्हीकडे सिस्टीन. प्रकार ओळखण्याच्या जुन्या पद्धतीत जनुकाच्या या भागाची पीसीआरने २४४ अक्षरांची प्रत काढून ती एचएचए-१ या एन्झाइमने कापतात. हा एन्झाइम ‘जीसीजीसी’ अशी अक्षरं आली की तुकडा पाडतो. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ई-३चे ओळखीचे पट्टे ९१ आणि ४८ अक्षरांचे, ई-४चे ७२ आणि ४८चे, ई-२चे ९१ आणि ८३चे. फसगत होते ती कापणी अर्धवट राहिली की. ९१चा पट्टा उरतो आणि ई-४/ई-४, म्हणजे दोन्ही प्रती ई-४, असलेला माणूस अहवालात ई-३/ई-४ होतो. दोन खणांच्या वादात हीच चूक सर्वांत महाग पडते, म्हणून ई-४/ई-४चा ज्ञात नमुना प्रत्येक जेलवर सोबत चालवायलाच हवा.

आता मूळ गुंता. २०२४च्या निबंधानुसार पासष्टीपर्यंत ई-४/ई-४ असलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात अमायलॉइडचं प्रमाण बिघडलेलं होतं, आणि ७५ टक्क्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये ते साठलेलं दिसलं. ‘अल्झायमर’ म्हणजे मेंदूतला हा बदल, असं मानलं तर प्रस्ताव टिकतो. ‘अल्झायमर’ म्हणजे विसर पडणं, घरचा रस्ता चुकणं, असं मानलं तर टिकत नाही, कारण ऐंशी ओलांडूनही शाबूत असलेले ई-४/ई-४ लोक आहेत. एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातोय. मराठीत तर हा घोटाळा दुप्पट होतो. ‘आनुवंशिक’ हा शब्द आपण पीएसईएन-१ साठीही वापरतो आणि ‘आमच्या घराण्यात आहे’ एवढ्याचसाठीही.

दुसरा आक्षेप नमुन्यांचा. त्या निबंधातली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत तोच ई-४ कमी धोका देतो. हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासात दर १०० प्रतींत ई-४ सुमारे ७ होत्या, तुलनेला घेतलेल्या पेन्सिल्वेनियातल्या गावांत ११. त्या हिशेबाने बल्लभगढमध्ये ई-४/ई-४ माणूस साधारण दोनशेत एक. युरोपीय वंशात पन्नासात एक धरतात. इतक्या विरळ गटावर बाहेरचा निष्कर्ष तसाच लावणं घाईचं आहे.

शब्दाचा परिणाम आता औषधावर होतो. मेंदूतलं अमायलॉइड काढणाऱ्या लेकानेमॅब या औषधाच्या मुख्य चाचणीत मेंदूला सूज येण्याचं प्रमाण ई-४ नसणाऱ्यांत ५.४ टक्के, एक प्रत असणाऱ्यांत १०.९ आणि दोन असणाऱ्यांत ३२.६ होतं. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता देताना आधी एपीओई तपासण्याचा ठळक इशारा औषधावर छापला गेला. युरोपात जुलै २०२४ मध्ये नकार आला आणि नोव्हेंबरमध्ये शिफारस झाली, पण ई-४ नसलेल्या किंवा एकच प्रत असलेल्यांपुरती.