स्पॅमअ‍ॅसॅसिनच्या लॉग फाइल्स

स्पॅमअ‍ॅसॅसिन ही मेल सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येक मेलची छाननी करून त्याला गुण देणारी, पर्ल भाषेत लिहिलेली मुक्त स्रोत प्रणाली आहे. जस्टिन मेसन यांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे गेली. मूळ मांडणीत ५ किंवा त्याहून अधिक गुण मिळालेला मेल स्पॅम ठरतो. कामाचा मेल चुकून अडकला किंवा फसवा मेल सुटून आत आला, तर कारण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या कामाच्या नोंदींमध्ये, शोधावे लागते. अडचण अशी की या प्रणालीला स्वतःची ठरलेली लॉग फाइल नाही, आणि नवख्याचा बराच वेळ नोंदी कुठे आहेत हे शोधण्यातच जातो.

छाननीचे काम ‘स्पॅमडी’ नावाचा, पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्रॅम करतो. तो आपल्या नोंदी सिसलॉग या, सर्व प्रोग्रॅमच्या नोंदी एकत्र गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या ‘मेल’ या वर्गात पाठवून मोकळा होतो. सिसलॉग मुळात एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या मेल प्रणालीसाठीच तयार केली होती, त्यामुळे या दोघांची सोयरीक जुनी आहे. नोंदी कुठे उतरतात ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रकारांवर ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ डिरेक्टरीत ‘मेल डॉट लॉग’ ही फाइल पाहावी. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर आणि फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवर त्याच डिरेक्टरीत ‘मेललॉग’. २०२३ च्या डेबियन १२ पासून मात्र आरसिसलॉग हा सिसलॉगच्या नोंदी फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम आपोआप बसत नाही. तिथे अशी फाइलच सापडत नाही. नोंदी सिस्टमडी या, लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या जर्नलमध्ये असतात आणि ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा देऊन वाचाव्या लागतात. शिवाय स्पॅमडी सुरू करताना ‘एस’ हा पर्याय देऊन कुणी वेगळी फाइल नेमली असेल किंवा ‘नल’ लिहून नोंदी बंदच केल्या असतील, तर वरची सारी ठिकाणे फोल. म्हणून आधी चालू प्रोसेस कोणत्या पर्यायांनिशी सुरू झाली आहे ते पाहावे, फाइल मग शोधावी.

नोंद सापडली की वाचायला सोपी असते. ‘क्लीन मेसेज’ किंवा ‘आयडेंटिफाइड स्पॅम’ या शब्दांपुढे कंसात मिळालेले गुण आणि मर्यादा, मग लागलेले सेकंद आणि मेलचा आकार. खरा ऐवज त्याखालच्या ‘रिझल्ट’ ओळीत असतो, कारण लागू झालेल्या नियमांची नावे तिथे येतात. १ जानेवारी २०१० रोजी जगभरच्या सर्व्हरांवर साध्या मेलचे गुण अचानक वाढले, तेव्हा याच ओळीत एक नियम सतत दिसू लागला. दूरच्या भविष्यातली तारीख संशयास्पद मानणाऱ्या त्या नियमाच्या लेखी २०१० हे सालही भविष्यातच होते! याच ओळीत ‘यूआरआयबीएल ब्लॉक्ड’ दिसले, तर सर्व्हर सार्वजनिक डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणारी सेवा) वापरत असल्यामुळे स्पॅममधल्या दुव्यांच्या काळ्या यादीची सेवा त्याला उत्तर देत नाही, असे बहुधा समजावे.

काही वेळा लॉगमध्ये त्या मेलची एकही ओळ नसते. हे गूढ वाटते, पण कारणे ठरावीक आहेत. मेल स्पॅमडीकडे नेणारा ‘स्पॅमसी’ हा प्रोग्रॅम मूळ मांडणीत ५०० केबीहून मोठा मेल मुळात तपासायलाच देत नाही. स्पॅमडी बंद असेल तर स्पॅमसी मोजके प्रयत्न करून मेल जसाच्या तसा पुढे सोडतो, जेणेकरून टपाल अडून राहू नये. तिसरी शक्यता अमाविसची. अमाविस हा मेल सर्व्हर आणि छाननी यांना जोडणारा प्रोग्रॅम स्पॅमअ‍ॅसॅसिनचे मॉड्यूल थेट आपल्यात वापरतो, त्यामुळे स्पॅमडी चालूच नसतो. नोंदी ‘अमाविस’ या नावाने, बहुधा त्याच मेल लॉगमध्ये, ‘पास्ड’ किंवा ‘ब्लॉक्ड’ अशा शब्दांनी सुरू होतात. नाव स्पॅमडीसारखे असले तरी आरस्पॅमडी ही तर स्पॅम छाननीची निराळीच प्रणाली आहे आणि तिची मांडणी अधिक सुटसुटीत आहे: ‘व्हार’, ‘लॉग’, मग ‘आरस्पॅमडी’ ही तिची स्वतःची डिरेक्टरी.

लॉग हाती लागला नाही तरी मेलच्या हेडरमधली ‘एक्स स्पॅम स्टेटस’ ही ओळ गुण आणि नियम सांगते. सखोल तपासासाठी तोच मेल ‘डी’ पर्यायासह स्पॅमअ‍ॅसॅसिनला पुन्हा द्यावा. हा तपशील लॉगमध्ये जात नाही, पडद्यावर येतो. छाननी ज्या युजरच्या नावाने होते त्याच युजरने ही आज्ञा चालवावी. रूट या मुख्य प्रशासक युजरने चालवल्यास बेझचा (जुन्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या सांख्यिकी पद्धतीचा) शिकलेला साठा वेगळा निघतो आणि गुण जुळत नाहीत. सर्व्हरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर भारतीय वेळेसाठी ५ तास ३० मिनिटे मिळवावीत.

डेबियनच्या नेहमीच्या मांडणीत लॉगरोटेट हा प्रोग्रॅम मेल लॉगची फाइल दर आठवड्याला बदलतो आणि जुन्या ४ प्रती उरतात, म्हणजे दीड महिन्यापूर्वीची तक्रार तपासायला हाती काही राहत नाही. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातल्या सेवा पुरवठादारांना आणि कंपन्यांना आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्यामुळे इथल्या सर्व्हरवर लॉगरोटेटची ही मुदत हाताने वाढवावी लागते.