हेलेना, ४ जुलै १८६३ : एका मोघम आदेशाची पार्श्वभूमी

अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये (संघराज्य) आणि फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये यांच्यातील यादवी युद्धात ४ जुलै १८६३ हा दिवस मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग या दक्षिणेच्या ठाण्याच्या शरणागतीसाठी ओळखला जातो. त्याच सकाळी मिसिसिपीच्याच काठी, आर्कान्सॉमधील हेलेना या तटबंद बंदरावर दक्षिणेच्या फौजेने चाल केली आणि ती सपशेल फसली. व्हिक्सबर्गभोवतीचा उत्तरेचा वेढा सैल व्हावा म्हणून जूनच्या मध्यात या मोहिमेला मंजुरी मिळाली होती. पण मुसळधार पावसाने वाटेतले ओढे-नद्या फुगले, सैन्य चिखलात रखडले आणि हल्ला सुरू झाला तेव्हा त्याचा मूळ हेतूच उरला नव्हता.

हेलेना जुलै १८६२ पासून उत्तरेच्या ताब्यात होते. गुलामगिरीतून सुटलेले हजारो स्त्री-पुरुष तिथे आश्रयाला आले होते आणि फोर्ट कर्टिस हा किल्ला बऱ्याच अंशी त्यांच्याच श्रमांतून उभा राहिला. लढाईच्या वर्णनांत ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते, ते योग्य नाही. गावामागील टेकड्यांवर ए, बी, सी, डी असे तोफांचे चार मोर्चे (तटबंद ठाणी) होते, रस्त्यांवर झाडे तोडून आडवी टाकली होती आणि नदीत टायलर ही तोफनौका सज्ज होती. उत्तरेच्या सेनानीने शिबंदीला रोज पहाटे अडीच वाजता उठवून शस्त्रसज्ज ठेवण्याचा शिरस्ता घातला होता आणि स्वातंत्र्यदिनाचे कार्यक्रमही रद्द केले होते. त्याच्याकडे सुमारे ४,१०० माणसे होती, चालून येणारे सुमारे ७,६०० होते.

वाद आहे तो हल्ल्याच्या वेळेचा. दक्षिणेच्या सरसेनापतीने तिन्ही बाजूंनी ‘उजाडताच’ एकदम तुटून पडण्याचा आदेश दिला, पण घड्याळातली वेळ सांगितली नाही. डी मोर्च्यावर जाणाऱ्या तुकडीने पूर्वेला फटफटताच चढाई सुरू केली. सी मोर्चा ज्याच्या वाट्याला होता, त्या सेनानीने उजाडणे म्हणजे सूर्योदय असे धरून आपले सैन्य अलीकडेच थांबवले. मधल्या वेळात पहिली तुकडी आडव्या झाडांमुळे तोफा मागे सोडून खंदकामागून खंदक ओलांडत एकटीच चढत राहिली आणि बाजूच्या सी मोर्च्यावरील तोफा तिला भाजून काढत होत्या. सी मोर्चा उशिरा का होईना पडला. मात्र तिथून गावात घुसलेले सैनिक फोर्ट कर्टिस आणि टायलरच्या माऱ्यात सापडले. गावाच्या उत्तर बाजूचा ए मोर्चा घ्यायला गेलेल्यांना शेजारच्या घोडदळाची साथ मिळाली नाही. साडेदहाच्या सुमारास माघारीचा हुकूम निघाला. दक्षिणेची मनुष्यहानी (मृत, जखमी, कैद वा बेपत्ता) १,६०० हून अधिक, तर उत्तरेची अडीचशेच्या आत होती.

सरसेनापतीने खापर हाताखालच्यांवर फोडले. एका ब्रिगेड प्रमुखावर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका आला आणि पुढे चौकशीत तो निर्दोष ठरला. तीन सेनानींना एकाच क्षणी हल्ला करायला सांगून तो क्षण त्यांच्या समजुतीवर सोडणाऱ्याची जबाबदारी यात सर्वात मोठी आहे. रेंगाळलेल्या घोडदळाचा वाद तर सप्टेंबरमध्ये आर्कान्सॉची राजधानी लिटल रॉकजवळ द्वंद्वयुद्धापर्यंत गेला आणि त्यात एका जनरलचा जीव गेला. त्यानंतर काही दिवसांतच, १० सप्टेंबरला, हेलेनाहून निघालेल्या उत्तरेच्या फौजेने लिटल रॉक घेतले. नदीबंदर हातचे न गेल्यामुळेच ती मोहीम तिथून निघू शकली आणि राज्याची राजधानी पडल्यावर दक्षिणेची आर्कान्सॉवरील पकड नैऋत्य भागापुरती आक्रसत गेली.