कोंबिनीतील भाताचे तापमान

जपानमध्ये फिरताना ‘कोंबिनी’, म्हणजे बहुधा चोवीस तास उघडे असणारे तिथले छोटे दुकान, न आवडणारा प्रवासी विरळाच. बेताच्या जागेत तीन हजारांच्या आसपास वस्तू मांडलेल्या असूनही हवी ती चटकन हाती लागते. या नीटनेटकेपणाचे कौतुक होतेच. मात्र त्यामागची रचना समजून घ्यायची असेल, तर आधी ओनिगिरीच्या फळीसमोर उभे राहावे असे मी सुचवीन.

ओनिगिरी म्हणजे आत मासा वगैरे सारण भरलेली आणि नोरी या वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेली भाताची मूद, कोंबिनीत बहुधा त्रिकोणी. भात ओलसर असतो आणि नोरीची खुमारी तिच्या कोरडेपणात असते. दोन्ही एकमेकांना टेकून राहिले, की ओलावा नोरीत शिरून ती चिवट होते. म्हणून ती प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये बंद केलेली असते. वेष्टनावरील १, २, ३ या क्रमाने मधली पट्टी आणि दोन्ही कोपरे ओढले, की आतला थर मधून निसटतो आणि भाताला नोरी प्रथमच लागते. (जपानी न येणाऱ्यालाही हे आकडे वाचता येतात, ही त्यातली आणखी एक सोय.)

याहून अवघड प्रश्न भाताचा आहे. शिजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. निवल्यावर त्यांतील रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून रांगा धरू लागतात आणि दाणा टणक होतो. ही क्रिया गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या, म्हणजे नेमक्या फ्रिजमधल्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. त्यामुळे ओनिगिरी साधारणपणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात, तर दूध आणि सॅलड यांच्यासाठी बऱ्याच थंड अशा वेगळ्या फळ्या असतात.

२० अंशांना भात मऊ राहतो, पण ते तापमान जिवाणूंनाही मानवत असल्याने माल फार काळ टिकत नाही. साहजिकच तो थोडा थोडा करून दिवसातून अनेकदा आणावा लागतो आणि हे परवडावे म्हणून एकाच कंपनीची दुकाने जवळजवळ उघडली जातात, जेणेकरून गाडीच्या एका फेरीत अनेक दुकाने उरकतात. सेव्हन-इलेव्हनचे जपानमधील पहिले दुकान १९७४ साली टोकियोच्या तोयोसू भागात सुरू झाले, तेव्हा एका दुकानाकडे दिवसाला सुमारे ७० गाड्या येत. निरनिराळ्या उत्पादकांचा माल तापमानानुसार एकत्र करून पाठवण्याच्या पद्धतीमुळे ही संख्या पुढे दहाच्या आत आली.

किती माल मागवायचा, हे गल्ल्यावरच्या यंत्रात साठलेल्या विक्रीच्या नोंदींवरून ठरते. अंदाज चुकला, की खाण्याजोगे अन्न फेकावे लागते, आणि माझ्या मते या सुबक व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष हाच आहे. लगेच खायचे असेल तर फळीवरची पुढची, म्हणजे मुदत लवकर संपणारी वस्तू उचलावी, अशी विनंती करणाऱ्या चिठ्ठ्या २०२१ पासून सरकार आणि दुकानांची संघटना यांच्या संयुक्त मोहिमेतून फळ्यांवर दिसू लागल्या आहेत.