चेंडू येण्याआधी मागं बघ

'चेंडूवरनं नजर काढू नको!' हा ओरडा ऐकला नाही असा फुटबॉलपटू सापडणं कठीण. पण हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

हात समोर ताठ धरून अंगठ्याचं नख बघा. डोळ्याला एका वेळी लख्ख दिसतं ते साधारण एवढंच, दोनेक अंशांचं. कडेला हालचाल कळते, पण जर्सी आपली की समोरच्याची हे चटकन कळत नाही. पाठीमागचं तर दिसतच नाही.

आता १५ मीटरवरून पास निघाला. वेग सेकंदाला १५ मीटर धरला, तर मिळाला एक सेकंद. दिसलेल्या गोष्टीवर शरीर हलायलाच सुमारे ०.२ सेकंद जातात. त्यातून वळायचं, मागं द्यायचं की एका टचमध्ये पुढं, असे पर्याय वाढले की वेळही वाढतो. चेंडू पायाशी आल्यावर विचार करणाऱ्याकडं तोवर बचावपटू पोचलेला असतो.

नॉर्वेचे क्रीडामानसशास्त्रज्ञ गाइर योर्देट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या ११८ खेळाडूंचं चित्रण तपासलं. पास मिळण्याआधीच्या दहा सेकंदांत कोण किती वेळा मान वळवून पाहतो, एवढंच मोजलं. लॅम्पार्ड आणि जेरार्ड हे इंग्लंडचे मधल्या फळीतले नावाजलेले खेळाडू यात फार वरचे निघाले. जास्त पाहणाऱ्यांचे पास जास्त वेळा साथीदारापर्यंत पोचत होते. अर्थात, जो मुळातच चांगला तो जास्त पाहतो, असंही असू शकेल. नुसती मान हलवून कोणी लॅम्पार्ड होत नाही!

कधी पाहायचं, हे जास्त महत्त्वाचं. साथीदाराच्या पायातून सुटलेला चेंडू कुठं येणार ते सुरुवातीलाच कळतं. तो घरंगळत असताना क्षणभर नजर काढली तरी बिघडत नाही. मागं डोकवायची संधी ती.

आणि जे दिसत नाही ते साथीदारानं सांगायचं. कानाची वाट डोळ्याच्या वाटेपेक्षा किंचित जलद आहे. प्रकाशाचा संदेश तयार करताना दृष्टिपटलावर रासायनिक क्रिया व्हावी लागते, कानातल्या पेशी मात्र कंपनानं थेट उद्दीपित होतात. फरक सेकंदाच्या काही शतांशांचा, पण 'पास दे, पास दे' या गलक्यात तो वाया जातो, कारण त्यात माहितीच नसते. 'मॅन!' म्हणजे मागं माणूस आहे. 'टर्न!' म्हणजे मोकळं आहे, वळ. कोल्हापूरच्या मैदानात 'एकटा हायस!' म्हटलं तरी काम तेच. फक्त हाक चेंडू पोचण्याआधी यायला हवी.

म्हणून समोरासमोर उभं राहून शंभर पास मारण्यापेक्षा मला रोंडो आवडतो. चारपाच जण कडेनं, एकदोघं मध्ये चेंडू हिसकायला. इथं मान न वळवणारा लगेच सापडतो. लहान मुलांसाठी आणखी सोपं: पास घेणाऱ्याच्या पाठीमागं प्रशिक्षकानं बोटं वर करायची. चेंडू पोचायच्या आत मुलानं आकडा सांगायचा. पहिले काही दिवस आकडा बरोबर येतो आणि चेंडू पायाखालून निसटतो. मग एके दिवशी मुलगा 'तीन!' म्हणत चेंडू थांबवतो आणि त्याच दमात वळतो.