रुळांच्या पकडीत पोलाद थंड होते की तापते?

कळंबोलीच्या पोलाद बाजारातून घरबांधणीसाठी सळ्या नेणाऱ्या अनेकांची समजूत असते की, भट्टीतून निघालेले लालबुंद पोलाद रोलिंग मिलच्या रुळांमधून (पोलाद दाबून लाटणाऱ्या फिरत्या रोलर्समधून) जाताना सतत थंडच होत जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागासाठीच या प्रक्रियेचे संगणकीय सिम्युलेशन करावे लागते.

सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले पोलाद हवेत प्रारणाने उष्णता गमावते, पाण्याच्या फवाऱ्याखाली गमावते आणि रुळांना टेकताच अतिशय वेगाने गमावते. परंतु त्याच वेळी रूळ त्याला दाबून पातळ करत असतात, आणि त्यासाठी लागलेले कार्य कुठेतरी जायलाच हवे. जाड तार भराभर मागेपुढे वाकवली की वाकलेली जागा हाताला गरम लागते, ते याच कारणाने. धातूचा आकार बदलताना केलेल्या कार्यापैकी थोडाच भाग धातूच्या अंतर्रचनेत साठून राहतो आणि बाकीच्याची उष्णता होते, हे जी. आय. टेलर आणि एच. क्विनी या शास्त्रज्ञांनी १९३४ साली मोजमापांनी दाखवले. आजही गणितात हे प्रमाण साधारण ९० टक्के धरतात.

समजा, २५ मिलिमीटर जाडीची पट्टी एकाच फेरीत १५ मिलिमीटर करायची आहे. आकार बदलण्याला तप्त पोलादाचा विरोध २०० मेगापास्कल (मेगापास्कल हे दाबाचे एकक) धरला, तर दर घनमीटरमागे सुमारे १०० मेगाज्यूल कार्य लागते आणि त्यातून पट्टी जवळपास २० अंशांनी तापते. रुळाची त्रिज्या ३०० मिलिमीटर आणि त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर पट्टीचा प्रत्येक भाग पकडीत राहतो तो केवळ ३ ते ४ शतांश सेकंद. एवढ्या वेळात रुळाचा थंडावा मुख्यतः पृष्ठभागालगतच्या अर्ध्या-एक मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो. म्हणजे पट्टीची त्वचा शेकडो अंशांनी थंड होत असताना तिचा गाभा मात्र तापत असतो! पकडीतून सुटल्यावर गाभ्याची उष्णता बाहेर येते आणि काळवंडलेला पृष्ठभाग पुन्हा उजळतो.

खरी गुंतागुंत यापुढे आहे. थंड त्वचा अधिक कडक असल्यामुळे धातूचा प्रवाह बदलतो, प्रवाह बदलला की निर्माण होणारी उष्णता बदलते आणि उष्णतेबरोबर पुन्हा कडकपणा बदलतो. शिवाय पट्टी पकडीत शिरताना रुळापेक्षा हळू आणि बाहेर पडताना रुळापेक्षा वेगाने जाते. मधल्या ज्या रेषेवर दोघांचे वेग जुळतात, तिथे घर्षणाची दिशा उलटते आणि घर्षणजन्य उष्णता शून्य होते. म्हणून फायनाइट एलिमेंट पद्धतीत पट्टीचे लहान तुकडे कल्पून, काळाच्या अत्यंत छोट्या पावलांनी, प्रवाह आणि तापमान यांची समीकरणे एकमेकांना उत्तरे पुरवत सोडवली जातात. पृष्ठभागाजवळचे तुकडे मिलिमीटरहूनही बारीक नसतील, तर त्वचेचे थंड होणे गणितातून निसटते.

अशा गणिताची रंगीत चित्रे दाखवून ‘प्रत्यक्ष चाचणीची आता गरजच नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा सावध राहावे. रूळ आणि पट्टी यांच्यामध्ये ऑक्साइडचा पापुद्रा असतो. त्यातून उष्णता किती वेगाने जाते आणि घर्षण किती आहे, हे आकडे मोजमापांवरूनच ठरवावे लागतात. रुळांवर प्रत्यक्ष येणारा भार आणि पायरोमीटरने (स्पर्श न करता तापमान मोजणाऱ्या उपकरणाने) मोजलेले तापमान यांच्याशी उत्तर जुळले, तरच त्यावर विसंबता येते. शनिवारी लोखंड घेऊ नये असे मानणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे की, सळईची ताकद तिच्या घडणीवर, विशेषतः या तापमानांवर ठरते. खरेदीच्या वाराशी तिचा काहीही संबंध नाही.

टीएमटी सळईच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. शेवटच्या रुळांतून निघालेल्या सळईवर पाण्याचा जोरदार मारा करून तिचे बाहेरचे कडे एकदम थंड केले जाते, त्यामुळे ते कठीण होते, आणि नंतर गाभ्यातली उरलेली उष्णता त्याच कड्याचा ठिसूळपणा कमी करते. गाभ्यात किती उष्णता उरेल हे शेवटच्या रुळांतून निघतानाच्या तापमानावर अवलंबून असते, आणि त्या तापमानात सळई लाटताना निर्माण झालेल्या उष्णतेचाही वाटा असतो. त्यामुळे मिलचा वेग वाढवायचा असेल, तर पाण्याचा दाब आणि प्रवाह यांचा हिशेबही नव्याने करावा लागतो.